पंधरा मिनिटांचा मोझार्ट

‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाच्या १४ ऑक्टोबर १९९३च्या अंकात जेमतेम पानभराचं एक टिपण छापून आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या तीन संशोधकांनी ३६ कॉलेजविद्यार्थ्यांवर केलेला तो प्रयोग होता. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तीन गोष्टी दहा-दहा मिनिटं करायच्या होत्या: मोझार्टचा दोन पियानोंसाठी रचलेला सोनाटा ऐकायचा, अंग सैल सोडायला सांगणारी टेप ऐकायची आणि नुसतं शांत बसायचं. प्रत्येक वेळी त्यानंतर लगेच आकृत्यांची चाचणी. त्यातला एक प्रश्न असा, की कागदाला घड्या घालून कात्रीने तुकडे कापले, तर उलगडल्यावर तो कसा दिसेल? आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत याच जातीचे आकृत्यांचे प्रश्न असतात. सोनाटा ऐकल्यावर विद्यार्थ्यांचे गुण बुद्ध्यंकाच्या मापात सरासरी ११९ भरले, टेपनंतर १११, आणि शांततेनंतर ११०. हा फरक दहा-पंधरा मिनिटं टिकला आणि मग ओसरला.

हे सगळं, शेवटचं वाक्य धरून, त्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत या पानाचं जे झालं ते मात्र मेंदूविषयीच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाने एकदा सावकाश पाहावं असं आहे. कारण त्यात खोटं बोलणारा माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही.

आधी, मोझार्टच का? या चमूतले गॉर्डन शॉ मुळात कणभौतिकीचे. मेंदूच्या बाह्यपटलातल्या पेशी उभ्या स्तंभांमध्ये रचलेल्या असतात आणि हे स्तंभ ठरावीक तालात एकत्र स्फुरण पावतात, असं गणिती प्रारूप त्यांनी मांडलं होतं. संगणकावर उमटलेले ते आकृतिबंध त्यांनी आणि त्यांच्या एका सहकारी संशोधिकेने स्वरांमध्ये बदलून ऐकले, तेव्हा ते चक्क संगीतासारखे वाटले. मग उलट का करू नये? नीट रचलेलं संगीत ऐकवून तेच आकृतिबंध मेंदूत जागे करता येतील का? याच चमूतल्या फ्रान्सिस राउशर मानसशास्त्राच्या संशोधक आणि चेलोवादकही. मोझार्टने १७८१ साली व्हिएन्नात रचलेला, क्रमांकाने ‘के ४४८’ म्हणून ओळखला जाणारा तो सोनाटा या चमूच्या प्रयोगात आला. कल्पना धाडसी होती, पण वेडगळ नव्हती. विज्ञानात अशा शंभर कल्पना तपासल्या जातात, तेव्हा दोन-चार टिकतात.

वर्तमानपत्रांत पोचताना पहिली गळती झाली ती ‘आकृत्यांच्या चाचणीत’ या शब्दांची. ‘गुण वाढतात’चं ‘बुद्धी वाढते’ झालं. मग पंधरा मिनिटं गळाली. मग कॉलेजविद्यार्थी गळाले आणि त्यांच्या जागी लहान मुलं आली, त्यापाठोपाठ तान्ही बाळं. एड्रियन बँगर्टर आणि चिप हीथ या दोन संशोधकांनी २००४ साली अमेरिकी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं चाळून हा प्रवास वर्षावर्षाने मांडला. बातम्यांमधले कॉलेजविद्यार्थी कमी होत गेले आणि बाळं वाढत गेली. गंमत म्हणजे बाळांवर असा प्रयोग कुणी केलेलाच नव्हता. साधी गोष्ट आहे, मोझार्ट ऐकवल्यावर तीन महिन्यांच्या बाळाला कागदाच्या घड्यांचा प्रश्न विचारणार कसा?

याच दोघांना आणखी एक गोष्ट सापडली आणि मला ती साऱ्या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते. ज्या राज्यांत शिक्षकांचे पगार कमी आणि मुलांचे परीक्षेतले गुण कमी, तिथल्या वर्तमानपत्रांना या विषयाचं जास्त आकर्षण होतं. जिथे शाळेची चिंता मोठी, तिथे मोझार्टच्या सीडीवर भरवसा मोठा. शाळा सुधारायला पैसा, माणसं आणि वर्षं लागतात. सीडी लावायला एक बटण पुरतं.

जानेवारी १९९८मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी अर्थसंकल्पी भाषणातच आमदारांना बीथोव्हनचं संगीत ऐकवलं आणि राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची एक ध्वनिफीत किंवा सीडी देण्यासाठी वर्षाला १ लाख ५ हजार डॉलर मागितले. त्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा केला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांत रोज अभिजात संगीत वाजलं पाहिजे. डॉन कॅम्पबेल नावाच्या लेखकाने तर ‘मोझार्ट इफेक्ट’ या शब्दांवर आपला ट्रेडमार्कच घेतला आणि १९९७ साली त्याच नावाचं पुस्तक काढलं. त्यात संगीताचे गुण आरोग्यापर्यंत पसरले. ‘बेबी आइनस्टाइन’ नावाने बाळांसाठी व्हिडिओ काढणारी कंपनी २००१ साली डिस्नेने विकत घेतली. २००९ साली डिस्नेने त्या डीव्हीडी परत करणाऱ्यांना पैसे द्यायची तयारी दाखवली. जर्मनीत तर बर्लिनजवळच्या ट्रॉएनब्रीत्सेन गावच्या सांडपाणी प्रकल्पात जिवाणूंनी मैला भराभर पचवावा म्हणून मोझार्टचा ‘जादूची बासरी’ हा ऑपेरा लावल्याची बातमी २०१० साली जगभर छापून आली. प्रयोगातले ३६ विद्यार्थी तोवर पार विस्मरणात गेले होते.

प्रयोगशाळांमध्ये काय चाललं होतं? तिथे लोक तोच प्रयोग पुन्हा करून पाहत होते आणि बऱ्याच जणांना काही दिसत नव्हतं. १९९९ साली हार्वर्डच्या ख्रिस्तोफर शॅब्री यांनी १६ अभ्यासांतल्या ७१४ जणांचे आकडे एकत्र केले, तेव्हा आठ-नऊ गुणांचा फायदा घसरून दीड गुणाच्याही खाली आला. केनेथ स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ पद्धत शक्य तितकी तंतोतंत पाळूनही हाती काही लागलं नाही. राउशर यांनी ‘नेचर’मध्येच उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं होतं, की मोझार्टने बुद्धी वाढते असं आम्ही म्हटलेलंच नाही, आमचा दावा अवकाशीय तर्काच्या एका विशिष्ट कामापुरता आहे. खरं होतं ते. पण तोवर सीड्या दुकानांत लागल्या होत्या.

आता मूळ आकडे तरी कुठून आले? याचं उत्तर कॅनडात मिळालं. टोरांटोचे ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टिन नॅन्टेस यांनी मोझार्टच्या समोर नुसती शांतता न ठेवता दुसरं काहीतरी ऐकण्यासारखं ठेवलं. शूबर्टचं संगीत तितकंच उपयोगी पडलं. मग त्यांनी स्टीफन किंगची एक कथा वाचून ऐकवली. ज्यांना कथा जास्त आवडली त्यांना कथेनंतर जास्त गुण पडले, ज्यांना मोझार्ट आवडला त्यांना मोझार्टनंतर. २००१ साली शेलेनबर्ग आणखी दोघांसह पुढे गेले. त्यांनी मोझार्टच्या जोडीला अल्बिनोनीच्या नावाने प्रसिद्ध असलेला एक संथ, उदास तुकडा घेतला. त्याने गुण वाढले नाहीत. आणि ऐकणाऱ्याचा मूड आणि तरतरी हिशेबात धरून आकडे पुन्हा मांडले, तेव्हा मोझार्टचा फायदाही उरला नाही.

म्हणजे मोझार्टने मेंदूत काही खास कुलूप उघडलं नव्हतं. दहा मिनिटं कंटाळलेला माणूस आणि दहा मिनिटं खुशीत असलेला माणूस यांची तुलना झाली होती. दुपारी डुलक्या येत असताना घेतलेला कडक चहा जे करतो, तेच हा द्रुत लयीतला आनंदी सोनाटा करत होता, तेही थोडाच वेळ. हा निष्कर्ष मला मूळ दाव्यापेक्षा अधिक सुंदर वाटतो. मन प्रसन्न असेल तर डोकं जरा बरं चालतं, आणि ते कशाने प्रसन्न व्हावं हे ज्याचं त्याने ठरवायचं. ब्रिटनमधल्या आठ हजारांहून अधिक दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात तर मोझार्ट ऐकलेल्या मुलांपेक्षा ब्लरसारख्या बँडची पॉप गाणी ऐकलेल्या मुलांना कागदाच्या घड्यांचा प्रश्न जास्त चांगला जमला. त्या वयाची मुलं काय आवडीने ऐकतात हे ज्याच्या घरात अशी मुलं आहेत त्याला सांगायला नको.

उंदरांची गोष्टही सांगायला हवी. १९९८ साली राउशर यांच्या प्रयोगात गर्भात असल्यापासून जन्मानंतर दोन महिन्यांपर्यंत के ४४८ ऐकलेले उंदीर चक्रव्यूहातून लवकर बाहेर पडले. गर्भातल्या संस्कारांना शास्त्रीय आधार मिळाला म्हणून ही बातमी फार गाजली. मग स्टील यांनी एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. उंदराची पिल्लं जन्मतः बहिरी असतात. जन्मानंतर जवळपास दीड आठवड्याने त्यांना ऐकू यायला लागतं, आणि मोठ्या उंदरालाही खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, त्यामुळे पियानोच्या त्या सोनाट्यातले बहुतेक स्वर त्याच्या कानाला नसल्यासारखेच.

चक्रव्यूह म्हटल्यावर मराठी वाचकाला अभिमन्यू आठवणारच. आपल्याकडे ही कल्पना अमेरिकेहून यावी लागली नाही. सुभद्रेच्या पोटात ऐकलेल्या धड्याची गोष्ट घराघरांत होतीच. मोझार्टच्या बातमीने तिला फक्त प्रयोगशाळेचा शिक्का दिला. गर्भसंस्काराच्या सीड्या, पुस्तकं, वर्ग यांच्या जाहिरातींत ‘परदेशी संशोधनाने सिद्ध’ हे शब्द तेव्हापासून सहज खपू लागले. (अर्धवट ऐकलेल्या माहितीचं पुढे काय होतं, याचंही उत्तम उदाहरण अभिमन्यूच आहे, पण ते जाहिरातीत येत नाही.) अलीकडे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, रंग ओळखतात, असं दाखवून हजारोंची फी घेतली जाते. मध्यमेंदू हा मेंदूचा खराखुरा भाग आहे. डोळ्यांची हालचाल, हालचालींवरचं नियंत्रण, जागेपण अशा कामांत तो जन्मापासून गुंतलेला असतो, त्याला कुणी चालू करावं लागत नाही. आणि पट्टीच्या खालून, नाकाच्या कडेने बारीक फट राहते. ती नीट बंद केली की वाचन थांबतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जाहीर आव्हान देऊन वेळोवेळी दाखवलं आहे.

माणसाच्या गर्भाला ऐकू येतं का? येतं. सहाव्या-सातव्या महिन्यापासून तो आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून खालच्या पट्टीतले आवाज बरे पोचतात, वरचे मंदावतात. सगळ्यात ठळक असतो आईचा स्वतःचा आवाज, कारण तो तिच्या शरीरातूनच येतो. १९८० साली अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवलं, की तीन दिवसांच्या आतली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखणी चोखण्याची लय बदलतात. म्हणजे गर्भात ओळख तयार होते, आवाजाची सवय होते. त्यातून पुढे गणित येतं किंवा बुद्ध्यंक वाढतो, असं मात्र या प्रयोगांत काही नाही. पोटावर हेडफोन बांधणाऱ्या आईने त्याऐवजी शेजारणीशी गप्पा मारल्या, तर बाळाच्या कानी आईचा आवाज तरी पडेल.

संगीत शिकण्याचा प्रश्न वेगळा. ऐकणं आणि शिकणं यात वर्षांचा फरक आहे. त्याच शेलेनबर्ग यांनी २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांची चार गटांत विभागणी केली. काही मुलं वर्षभर कीबोर्ड शिकली, काही गाणं, काही नाटक, आणि उरलेली काहीच नाही. सगळ्यांचाच बुद्ध्यंक वाढला, कारण मुलं पहिल्यांदाच शाळेत गेली होती. संगीत शिकलेल्यांचा इतरांपेक्षा अडीच-तीन गुणांनी जास्त वाढला. नाटकवाल्या मुलांचं इतरांशी वागणं सुधारलं, आणि ही अर्धी बातमी फारशी कुणी छापली नाही. नंतरच्या अनेक प्रयोगांत संगीताचा हा छोटा फायदाही नीट दिसलेला नाही. मुलीला हार्मोनियमच्या क्लासला घालायचं असेल तर ते गाण्यासाठी घालावं.

२०१० साली व्हिएन्ना विद्यापीठाच्या याकोब पीत्श्निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४० अभ्यास आणि तीन हजारांवर माणसं एकत्र घेऊन मोजणी केली. मोझार्ट आणि शांतता यांत जेवढा फरक दिसला, जवळजवळ तेवढाच इतर कुठलंही संगीत आणि शांतता यांत दिसला. शिवाय राउशर यांच्या स्वतःच्या गटाचे आकडे इतरांपेक्षा ठळकपणे मोठे होते.

तरी के ४४८ची गोष्ट संपलेली नाही, ती आता रुग्णालयात गेली आहे. १९९८ साली शिकागोच्या जॉन ह्यूज यांनी अपस्माराच्या २९ रुग्णांना हा सोनाटा ऐकवला आणि २३ जणांच्या मेंदूतल्या विकृत विद्युतलहरी कमी झाल्याचं नोंदवलं. २०२१ साली अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी औषधाला दाद न देणाऱ्या १६ रुग्णांच्या मेंदूत आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून तसंच काहीसं टिपलं, आणि मथळे पुन्हा जगभर झळकले. दोन वर्षांनी पीत्श्निग आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. अभ्यास लहान होते, अनेकांनी पूर्ण आकडे छापलेच नव्हते, आणि एकत्रित हिशेबात मोझार्टच्या सोनाट्याने अपस्मार बरा होतो किंवा कमी होतो याला आधार मिळाला नाही. हा निकाल ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात छापला गेला. डार्टमथचा प्रयोगही तिथेच आला होता.