मोतीबिंदू आणि टाळेबंदी

गंगापूर रोडने पहाटे सोमेश्वरापर्यंत फिरून यायचे, हा आमच्या दादांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. २०२० च्या एप्रिलात त्यांचा मोतीबिंदू काढायचे ठरले होते. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली, नि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. तातडी आहे की नाही, हे दादांच्या डोळ्यांना मात्र कोणी विचारले नाही! मोतीबिंदू पिकत गेला. आधी वर्तमानपत्र सुटले, मग फिरणे, पुढे बोलणेही. करोना आमच्या घरात आलाच नाही. तरी माणूस आजारी पडला.

अशा आजाऱ्यांची गणती कोण करणार? क्षयाचेच पाहा ना. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख क्षयरोग्यांची नोंद झाली, २०२० साली १८ लाखांची. क्षय काही पळाला नव्हता. खोकणारी माणसे दवाखान्यापर्यंत पोचत नव्हती, एवढेच.

डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. दादांना दिसू लागले, पण मनावरचे पटल निघेना. मानसोपचाराचे नाव काढले की म्हणत, "मी काय वेडा आहे?" ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने 'टेली-मानस' सुरू केले, त्याच्या १४४१६ या क्रमांकावर अखेर मीच दूरध्वनी लावून त्यांच्या हाती दिला.

आता ते पुन्हा सोमेश्वरापर्यंत जातात. पण एकटे नाही, मला उठवून.