वाळूखालचे पाणी कोणाचे?

वाळूउपशाची चर्चा आपल्याकडे बहुधा बुडालेला महसूल आणि ठेकेदारांची दांडगाई यांवरच संपते. वस्तुतः हा प्रश्न पाण्याच्या मालकीचा आहे, आणि गावात पाण्याची मालकी जातीला सोडून कधीच नव्हती.

येरळा नदी सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यातून वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. सारा दुष्काळी पट्टा. पावसाळा सरला की पात्र वरून कोरडे दिसते. परंतु वाळू हीच तिची साठवण. वाळूच्या कणांमध्ये ढोबळमानाने तिसरा हिस्सा पोकळी असते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे 2,830 लिटरचे आकारमान. ती पाण्याखालची असेल तर तीत आठ-नऊशे लिटर पाणी असते आणि त्यातले पाच-सहाशे तरी विहिरीकडे पाझरू शकते. वर कोरड्या वाळूचा थर असल्याने उन्हाने ते फारसे उडतही नाही. वाळू खोलवर उपसली की खड्ड्यातले पाणी उघडे पडते, पात्राचा तळ खाली जातो, आणि काठच्या जमिनीतले भूजल त्या खालच्या पातळीकडे ओसरू लागते. विहिरी मागोमाग उतरतात. खाली काळा पाषाण. भेगा आणि कुजलेला थर सोडला तर तो पाणी धरत नाही.

बागायतदार मग विहीर आणखी खोल करतो, विंधनविहीर घेतो, मोटार खाली सोडतो. भूमिहीनाने काय करावे? ज्यांना गावविहिरीवर घागर बुडवू दिली जात नव्हती, त्यांच्या वाट्याला नदीच्या वाळूतला झिरा होता. उकरायचा आणि वाटीवाटीने भरायचा. पाणवठेही वेगळे. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाचा शिक्का बसायला 1937 उजाडले. तो लढा सार्वजनिक पाण्याचा होता. जमिनीखालचे पाणी मात्र 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाच्या हाती ठेवले, आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेने वाळूला सरकारी गौण खनिज मानले. एकात जमीन नाही तो नाही, दुसऱ्यात गावच नाही!

या दोन्ही गृहीतांना खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी आव्हान दिले. 1982 च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार, दुष्काळी कामांवरचे मजूर आणि शेतकरी डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर मुक्तिसंघर्ष चळवळीत एकत्र आले. येरळेची वाळू ठेकेदारांनी नेऊ नये. गावाने मर्यादित वाळू विकावी आणि त्या पैशातून स्वतःचा बंधारा बांधावा, ही त्यांची मागणी. शासकीय यंत्रणेशी झगडत, श्रमदान करीत 1980 च्या दशकात बळीराजा धरण उभे राहिले. धरणाहूनही मोलाचा होता पाणीवाटपाचा नियम: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, माणसांवर, भूमिहीनालाही वाटा.

जमिनीवाचून पाण्याचा वाटा घेऊन भूमिहीन काय करणार, असा उपहास नेहमी होतो. तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो. तेव्हा तो मजूर म्हणून नव्हे, पाण्याचा धनी म्हणून बांधावर उभा राहतो. उपहास करणाऱ्यांना हेच खुपते, असे मला वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उपशालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. ती राज्य पातळीवर, कागदावर मिळते. तेव्हा लिलावाचा विषय ग्रामसभेत आला की कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात: काठच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी आधी मोजून फळ्यावर लिहावी, वाळूचा थर किती आणि त्यातला किती राखायचा, हे पात्रात खुंट रोवून ठरवावे, आणि ही मोजणी दलित वस्तीच्या पाणवठ्यापासून सुरू करावी.