दारोदारच्या कचऱ्याचा व्यवसाय

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि पुढे तिच्यामार्फत उकिरड्यावरून कागद, काच आणि पत्रा वेचून उपजीविका करणाऱ्या स्त्रियांना, ज्यांच्या श्रमांची दखल कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हती, ओळखपत्र लाभले. आणि याच संघटनेतून जन्मलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम रीतसर अंगावर घेतले.

या कामाचा दिवस भल्या सकाळी सुरू होतो. ढकलगाडी घेऊन, जिने चढत-उतरत, ओला व सुका कचरा गोळा करावयाचा. ओला पालिकेच्या वाहनाच्या स्वाधीन करावयाचा. आणि सुक्यातून पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, पत्रा अशी प्रतवारी करून भंगारवाल्यास विकावयाचे, हा नित्यक्रम. प्राप्तीचे मार्ग दोन: प्रत्येक घराकडून मिळणारे मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री. पैकी दुसरा बाजारभावावर अवलंबून असल्याने भाव कोसळताच मिळकतही कोसळते. शिवाय वेफर्सच्या बहुस्तरीय वेष्टनांना बहुधा कोणी गिऱ्हाईकच नसते, त्यामुळे ती वेचण्याचे श्रम फुकट जातात.

सर्वांत मोठा जाच मात्र आपल्या निष्काळजीपणाचा आहे. फुटकी काच व वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच टाकल्याने हात कापतात, संसर्ग जडतो. कचऱ्याचे घरीच वर्गीकरण करणे 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले. तेव्हा वाचकहो, काच जाड कागदात गुंडाळा, पॅडच्या पुडक्यावर ओळखीसाठी लाल ठिपका काढा आणि ठरलेले शुल्क वेळेवर द्या.