नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

२०१८ साली परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. तेव्हापासून ‘आता सगळं कायदेशीर झालं ना?’ असं सर्रास विचारलं जातं. झालेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणून आयुष्यभर एका घरात राहिलेला जोडीदारही हिंदू वारसा कायद्याच्या यादीत कुठेच नाही. मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट आईवडिलांकडे, भावंडांकडे, अगदी पुतण्यांकडेही जाईल, पण जोडीदाराकडे नाही. हा अन्यायच आहे, आणि तो दूर होईपर्यंत कागदपत्रांना पर्याय नाही.

सर्वांत महागात पडतो तो नॉमिनीबद्दलचा गैरसमज. समलिंगी जोडप्यांनी संयुक्त बँक खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. चांगलंच झालं. पण बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते, मालकी देत नाही. वारस ते मागू शकतात. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला रकमेचा हक्कदार मानतात खरं, पण तो आईवडील, पती-पत्नी किंवा मुलांपैकी असेल तरच. महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायटीत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो.

त्यामुळे मृत्युपत्र हवंच. त्याला स्टॅम्प पेपर लागतो, नोंदणी सक्तीची असते, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. साध्या कागदावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. तरीही नोंदणी करा, असा माझा आग्रह आहे, कारण घरच्यांपैकी कुणी कोर्टात जाण्याची शक्यता इथे जास्त असते. साक्षीदार म्हणून जोडीदाराला घेऊ नका. डॉक्टर मिळाले तर उत्तम. मुस्लिम व्यक्तीला मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

‘कुलमुखत्यारपत्र केलंय, आता काळजी नाही’ हेही खरं नाही. देणारा गेला की ते संपतं. तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत उरला नाही तरीही संपतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी.

याउलट, रुग्णालयात जोडीदाराला कधीच काही विचारत नाहीत असं समजून अनेक जण काहीच करून ठेवत नाहीत. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असले की काम होतं, आणि तुमच्या वतीने बोलणारी व्यक्ती म्हणून जोडीदाराचं नाव त्यात घालता येतं. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने साध्या कागदावर प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही.

जिवंतपणीच घर जोडीदाराच्या नावे करायचं, तर आधी हिशोब मांडा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदाराला ही सवलत नाही. शिवाय ५० हजारांपुढच्या भेटीवर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागू शकतो. मृत्युपत्राने मिळालेल्या घरावर तो लागत नाही.