लाइट गेली तर पाणी कुठे जाणार? खाऱ्या पाण्याच्या टँकचा सम्प

लावलेत हेडफोन? चला मग. "ताई, खाऱ्या पाण्याच्या टँकला सम्प कसा लावायचा?" हा प्रश्न इतक्या वेळा आलाय, की आज त्यावरच बोलूया. पण आधी माझी फजिती ऐका.

डोंबिवली, तिसरा मजला, मे महिना. रात्री दोनला लाइट गेली. उकडायला लागलं म्हणून उठले आणि पाय पचकन पाण्यात! कपाटातला सम्प भरून वाहत होता. सकाळी खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या हॉलच्या छताला ओल आली होती. काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मासे ठीक आहेत ना गं? आणि परत असं होणार नाही ना?" त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तर सम्प म्हणजे काय? मुख्य टँकखाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून आपोआप खाली येतं, तिथे साफ होतं आणि पंप ते परत वर चढवतो. फायदा काय? एकूण पाणी वाढतं, त्यामुळे बिघाड झाला तरी तो हळू होतो. पृष्ठभागावरचा तेलकट थर निघून जातो. आणि हीटर, स्किमर वगैरे पसारा खाली लपतो.

आत साधारण तीन कप्पे असतात. पहिल्यात पाणी फिल्टरच्या पिशवीतून उतरतं. ही पिशवी दर तीन-चार दिवसांनी धुवायची, नाहीतर तीच घाणीचं घर होते. दुसऱ्यात प्रोटीन स्किमर. तो बारीक बुडबुड्यांच्या फेसातून सेंद्रिय घाण बाहेर काढतो. तिसऱ्यात रिटर्न पंप. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये काचेच्या पट्ट्या वर-खाली अशा लावतात, म्हणजे बुडबुडे तिथेच अडतात आणि वर टँकमध्ये जात नाहीत.

आता माझं चुकलं कुठे? हिशोबात. माझा टँक ९० × ४५ × ४५ सेंमी. रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली ८ सेंमीवर होतं. पंप बंद पडला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढतो. ९० × ४५ × ८, म्हणजे ३२ लिटरपेक्षा जास्त. सम्प ६० × ३५ सेंमीचा, वर मोकळी जागा फक्त १० सेंमी, म्हणजे २१ लिटर. उरलेलं ११ लिटर कुठे जाणार? काकूंकडे!

उपाय सोपा निघाला. एक, पाइपचं तोंड वर घेतलं, पाण्याखाली जेमतेम २ सेंमी. आता खाली येतं ८ लिटरच्या आसपास. दोन, टँकच्या आतल्या बाजूला, पृष्ठभागाच्या लगेच खाली पाइपला एक छोटं भोक पाडलं. पातळी जरा उतरली की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. शेवाळ भोक बुजवतं, म्हणून ते दर आठवड्याला बघायचं. "चेक व्हॉल्व्ह लाव की," असं बरेच जण सांगतात. लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. खाऱ्या पाण्यात त्यावर कॅल्शियमचे थर बसतात आणि तो अडकतो.

आणि ही चाचणी मासे आणायच्या आधी, साध्या पाण्यावर करा: पंप मुद्दाम बंद करा. पाणी खाली येऊन थांबलं, की सम्प काठाच्या दोन इंच खालीपर्यंतच भरा. मग पंप चालू करा आणि पातळी स्थिर झाली की तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर पाणी कधीच भरायचं नाही.

अजून दोन गोष्टी. बाष्पीभवन होतं पाण्याचं, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेली पातळी आरओच्या गोड पाण्यानेच भरायची, खाऱ्या नाही. घनता १.०२५ च्या आसपास राहिली पाहिजे. पातळी उतरलेली दिसते ती पंपाच्या कप्प्यात, तिथेच लक्ष ठेवा. दुसरं, वायर प्लगला जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या. ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि ईएलसीबी हवाच, तिथे काटकसर नको. लाइट तासन्‌तास जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंपही जवळ ठेवा, नाहीतर माशांचा ऑक्सिजन कमी पडतो.

सगळं बदलून झाल्यावर मी काकूंना चहाला बोलावलं आणि त्यांच्यासमोर पंप बंद केला. सम्पमधलं पाणी वर चढू लागलं. दोघीही गप्प. काठाच्या दोन इंच खाली येऊन ते थांबलं.

काकूंनी कप खाली ठेवला. "हां, आता झोप लागेल," म्हणाल्या.

तुम्हीही आज रात्री झोपायच्या आधी एकदा पंप बंद करून बघा. भेटू पुढच्या भागात!