गाडीचा माग आणि चालकाचे तास
लेखमाला : रस्त्यावरचा व्यापार (लेखांक सहावा)

मागील लेखांकात आपण पाहिले की, 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्याराज्यांच्या सीमांवरील करवसुलीचे नाके उठले आणि मालवाहतुकीच्या मार्गातला एक जुना अडसर दूर झाला. परंतु मार्ग असे मोकळे होत असतानाच त्या मार्गांवर गाडी हाकणारा मनुष्य दुर्मीळ होत चालला आहे, ही तक्रार कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपासून भिवंडीच्या गोदामांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. माल तयार असतो, गाडी सुस्थितीत असते, कर्जाचा हप्ता चुकत नाही. केवळ चालक नाही म्हणून गाडी अड्ड्यावर उभी राहते.

ही टंचाई का उद्भवली, हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. आठवडेच्या आठवडे घराबाहेर, झोप केबिनमध्ये, जेवण ढाब्यावर, माल उतरेपर्यंत गोदामाच्या फाटकाबाहेर अनिश्चित मुदतीची प्रतीक्षा, आणि एवढे सोसूनही समाजात मान नाही, असे ज्या व्यवसायाचे रूप आहे, त्यात आपल्या मुलाने यावे असे खुद्द चालकालाच वाटत नाही. जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेतील तरतुदीविरुद्ध, म्हणजे प्राणघातक अपघातानंतर खबर न देता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या कलमाविरुद्ध देशभर ट्रक थांबले, तेव्हा त्या संतापाच्या मुळाशी शिक्षेच्या भीतीइतकीच, अपघातस्थळी जमावाच्या हाती सापडणाऱ्या एकाकी माणसाची असुरक्षितताही होती.

या परिस्थितीत वाहतूकदारांची आशा ज्या साधनाकडे लागली आहे, ते म्हणजे गाडीचा माग ठेवणारे जीपीएस यंत्र. त्याची रचना थोडक्यात अशी. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापल्या आण्विक घड्याळांची वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. गाडीतील ग्राहकयंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन, त्यांना पोहोचण्यास लागलेल्या अत्यल्प काळावरून अंतरे काढते आणि त्या अंतरांवरून स्वतःचे स्थान निश्चित करते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली ही व्यवस्था 1995 मध्ये पूर्णत्वास गेली, आणि नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे 2000 मध्ये काढून टाकण्यात आल्यानंतर तिचा व्यापारी उपयोग झपाट्याने वाढला. भारताच्या स्वतःच्या अशाच ‘नाविक’ या स्थाननिर्णय प्रणालीचा पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये अवकाशात गेला. स्थान कळले की यंत्र आपल्यातील सिमकार्डाच्या साहाय्याने ते, गाडीचा वेग आणि इंजिन चालू की बंद ही नोंद यांसह, ठरावीक अंतराने मालकाच्या दप्तरी पाठवते. घाटात मोबाइलचे जाळे तुटले तर नोंदी साठवून ठेवते आणि जाळे मिळताच एकदम रवाना करते.

आजवर या माहितीचा उपयोग बहुधा एकाच प्रश्नासाठी झाला : गाडी कोठे आहे? चालक वाट सोडून गेला काय, डिझेल चोरीला गेले काय, इंजिन चालू ठेवून तो झोपला काय, याच्या चौकशीतच हे यंत्र खर्ची पडले. आणि दर अर्ध्या तासाने फोन येऊ लागला की चालकाने यंत्राची तार उपसून ठेवावी, असा संशयाचा व प्रतिकाराचा खेळ सुरू झाला. माझे निवेदन असे की, चालकांच्या टंचाईत या यंत्राला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : चालकाचे तास कोठे जातात?

हा प्रश्न विचारताच पहिली गोष्ट उघडकीस येते ती फाटकावरील खोळंब्याची. संगणकाच्या नकाशावर गोदामाभोवती एक आभासी कुंपण आखून ठेवता येते. गाडी त्या रेषेच्या आत आली आणि बाहेर पडली, या दोन्ही क्षणांची नोंद आपोआप होते. त्यामुळे जी गोष्ट पूर्वी चालकाच्या तोंडी तक्रारीवर आणि गोदामाच्या कारकुनाच्या मर्जीवर अवलंबून असे, ती पुराव्याने सिद्ध होते. गाडी पहाटे आली आणि रात्री रिकामी झाली, तर हॉल्टिंगचा, म्हणजे खोळंब्याचा, आकार कोणी द्यावयाचा याविषयी वाद उरत नाही; आणि महिनाभराच्या नोंदी एकत्र मांडल्या असता, कोणत्या मालधन्याच्या दारी चालकांचा दिवस वाया जातो हेही मालकाला दिसते. ज्या धंद्यात माणसे अपुरी आहेत, तेथे वाचविलेला प्रत्येक प्रतीक्षेचा तास हा नव्याने मिळालेला चालकच होय.

दुसरा उपयोग याहून मोलाचा आहे. मुंबई ते बंगळुरू हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. ताशी सरासरी चाळीसचा वेग धरला तर पंचवीस तास गाडी चालवावी लागते, आणि दिवसाला आठ तासांचा नियम पाळणारा एकटा चालक चौथ्या दिवशी पोहोचतो. आता समजा, पुणे, कराड, बेळगाव, हावेरी आणि हिरियूर येथे चालक बदलले. प्रत्येक टप्पा दीडशे ते एकशे ऐंशी किलोमीटरचा, म्हणजे साधारण चार तासांचा होतो. चालक आपला टप्पा संपवून समोरून आलेली दुसरी गाडी घेऊन उलट फिरतो आणि रात्री घरी जेवतो, तर गाडी मात्र दिवसरात्र पुढे जात राहते. जुन्या डाकेत ठाण्याठाण्यावर हलकारे बदलत, तीच ही पद्धत. 2014 मध्ये स्थापन झालेल्या रिविगो कंपनीने ती भारतात मोठ्या प्रमाणावर राबविली. परंतु समोरासमोरच्या दोन गाड्या एका ठाण्यावर एका सुमारास याव्यात, ही तजवीज मागोव्याच्या यंत्राशिवाय अशक्य आहे. आणि दोन्ही दिशांना सारखा माल नसेल तर ती तोट्यात जाते, हेही तितकेच खरे.

येथे आपल्या देशाची अडचण उभी राहते. आपल्याकडील बहुसंख्य ट्रक एक-दोन किंवा चार-पाच गाड्यांच्या धन्यांचे आहेत. अशा मालकाने पाच ठाणी कशी उभारावी? मला वाटते, सहकाराची परंपरा ज्या महाराष्ट्राने साखर कारखान्यांतून आणि दूधसंघांतून रुजविली, त्याने हा प्रयोग अंगावर घ्यावा. एकाच मार्गावरील लहान मालकांनी संघ करावा, चालकांची ठाणी सामाईक ठेवावीत आणि हिशेब यंत्राच्या नोंदींवर करावा. दुसऱ्याचा चालक माझी गाडी कशी हाकतो, ही शंका अशा संघांच्या आड येत आली आहे. वेग, थांबे आणि इंधन यांची निःपक्ष नोंद सर्वांसमोर असली म्हणजे तिला उत्तर मिळते.

मात्र या सर्वांस एक अट आहे. नोंद चालकापासून लपवून ठेवता कामा नये. तिची प्रत त्याला त्याच्या मोबाइलवर, त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे, जेणेकरून हॉल्टिंगच्या हक्कासाठी, जादा तासांच्या भत्त्यासाठी आणि अपघातानंतर स्वतःचा वेग निर्दोष होता हे दाखविण्यासाठी ती त्याच्या कामी येईल. युरोपात दिवसाला नऊ तास चालन आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती, हा दंडक गाडीतील टॅकोग्राफ यंत्राच्या नोंदीवर चालतो. आपल्याकडेही 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. तथापि धावत्या गाडीतले तास मोजावयाचे साधन अंमलदारापाशी नसल्याने ती कागदावरच राहिली. ते साधन आज गाडीगाडीत बसले आहे. ऑक्टोबर 2025 पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे योग्यच झाले. त्याच न्यायाने, गाडीचा माग ठेवणाऱ्या प्रत्येक मालकावर चालकाच्या तासांचा हिशेब चालकास देण्याची सक्ती करणारा नियम शासनाने काढावा. चालक मिळत नाहीत असे म्हणणाऱ्या धंद्याने, मिळालेल्या चालकाचे आयुष्य किती वाया घालविले, हे प्रथम आपल्याच दप्तरात वाचले पाहिजे.

पुढील लेखांकात परतीच्या भाड्याचा, म्हणजे रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांचा, विचार करू.