पुण्यात खगोलशास्त्राची सुरुवात

खगोलशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम कोन मोजण्यापासून सुरू होतो. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. म्हणून ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जवळपास तेवढ्याच उंचीवर दिसतो. दक्षिणेकडचा अगस्त्यही फार तर एकोणीस अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यास सूर्य पुण्याच्या नेमका डोक्यावर येतो आणि मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अंगणात रोवलेली अशी काठी पुस्तकातल्या आकृतीपेक्षा खरोखर अधिक शिकवते.

मग येतात अंतरे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो, हा पराशय. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर असूनही त्याचा पराशय एका विकलेहून कमीच भरतो. ताऱ्याचे तापमान आणि घटक मात्र वर्णपटातून कळतात.

हे शिकण्यासाठी पुण्याइतकी अनुकूल शहरे थोडी. हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून कार्यरत आहे. विद्यापीठाच्या आवारात 1988 मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक होते डॉ. जयंत नारळीकर. शेजारच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रासह ‘आयुका’ने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रशाळा घेतल्या आहेत. या केंद्राची महाकाय दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे : 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटर परिसरात विखुरलेल्या. नवख्यांना मात्र साधी डिश टीव्हीची तबकडी सूर्याकडे वळवूनही रेडिओलहरी मोजता येतात.